लडाखचं गाइडबुक घेताना पैसे कशाचे मोजायचे?

लडाखला जायचं ठरलं की आधी विमानाची तिकिटं काढली जातात, मग लोकरीचे कपडे घेतले जातात. पुस्तकाची आठवण येते ती अगदी शेवटी आणि मग विमानतळावरच्या दुकानात दिसेल ते उचललं जातं. प्रवासाच्या एकूण खर्चात पुस्तकाची किंमत किरकोळ वाटते, म्हणून त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पण समुद्रसपाटीवरून थेट साडेतीन हजार मीटरवर उतरणाऱ्या माणसाला चुकीचं पुस्तक महागात पडू शकतं, म्हणून या खरेदीला थोडा वेळ द्याच.

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाआधी आतलं श्रेयपान उघडा. तिथे आवृत्तीचं वर्ष शोधा, पुनर्मुद्रणाचं नव्हे. जुना मजकूर नव्या कागदावर छापला म्हणून माहिती नवी होत नाही. वर्ष नीट कळत नसेल तर मजकुरालाच विचारा. लडाख जम्मू-काश्मीर राज्याचा भाग म्हणून दाखवलं असेल तर तो मजकूर ३१ ऑक्टोबर २०१९ च्या आधीचा आहे, कारण त्या दिवशी लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. मनालीहून निघणारी प्रत्येक गाडी रोहतांग खिंड चढूनच जाते असं लिहिलं असेल, तर लेखकाला ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ठाऊक नाही. नुब्रा किंवा पँगाँगला जाण्यासाठी भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं असं सांगितलं असेल, तर ते २०२१ च्या बदलापूर्वीचं आहे. आता भारतीयांना ते परमिट लागत नाही, पण पर्यावरण शुल्क भरावं लागतं.

एवढ्यावरून वय कळतं, दर्जा कळत नाही. दर्जासाठी दोन जागा तपासा. पहिली खारदुंग ला ही खिंड. तिथल्या फलकावर अनेक वर्षं १८,३८० फूट अशी उंची होती. मोजणीत ती सुमारे १७,५८० फूट भरते. पुस्तक फलकाचा आकडा देऊन ‘जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता’ म्हणत असेल, तर लेखकाने इतरांचंच उतरवून घेतलं आहे. दुसरी जागा जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे सरचू. मनाली-लेह रस्त्यावरचा हा तंबूंचा मुक्काम सुमारे ४,२९० मीटरवर आहे आणि मनाली साधारण दोन हजार मीटरवर. एका दिवसात एवढं चढून तिथे झोपणं अनेकांना झेपत नाही. डोकेदुखी, उलट्या, रात्रभर जागरण असे हाल होतात आणि क्वचित प्रकरण त्याहून गंभीर होतं. चांगलं पुस्तक पहिली रात्र केलाँग किंवा जिस्पाला काढायला सांगतं, विमानाने येणाऱ्याला लेहमध्ये निदान दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगतं आणि श्रीनगर-कारगिल मार्गाने उंची हळूहळू वाढते हेही सांगतं. ज्या पुस्तकात सरचूबद्दल फक्त ‘रम्य मुक्काम’ एवढंच असेल, ते फुकट मिळालं तरी घेऊ नका.

आता पैशांचं बघू. परदेशी मालिकेतलं अख्ख्या भारतावरचं जाडजूड पुस्तक साधारण दीड ते अडीच हजार रुपयांना पडतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण आयात पुस्तकांवर २०१९ पासून पाच टक्के सीमाशुल्क आहे आणि पौंड किंवा डॉलरचा भाव त्यात मिसळतो. म्हणून एकाच पुस्तकाची किंमत दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. हजारावर पानांच्या अशा ग्रंथात लडाखच्या वाट्याला पन्नासेक पानं येतात, म्हणजे कामाचं एक पान तीस ते पन्नास रुपयांना पडलं. शिवाय जवळजवळ किलोभर वजन पाठीवर. एकट्या लडाखची सहल असेल तर हा सौदा मला पटत नाही. फक्त काश्मीर-लडाखवरचं किंवा लडाखच्या ट्रेकिंगवरचं पुस्तक सारख्याच किमतीत चौपट उपयोगी पानं देतं. ई-आवृत्ती बहुधा स्वस्त असते आणि तिचा सुरुवातीचा नमुना फुकट वाचता येतो. पण लेहबाहेर नेटवर्क अधूनमधूनच मिळतं आणि वीजही खात्रीची नसते, त्यामुळे पुस्तक आधीच उतरवून ठेवा आणि सोबत पॉवर बँक असू द्या.

परदेशी पुस्तकं परदेशी वाचकासाठी लिहिलेली असतात, हे घेताना ध्यानात ठेवावं. त्यांच्यातले परमिटचे नियम आणि प्रवेशशुल्काचे आकडे आपल्याला लागू नसतात. आपल्याला छळणाऱ्या गोष्टी त्यांच्यात सापडतीलच असं नाही. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. मनालीहून भाड्याने आणलेली मोटरसायकल लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगला न्यायला स्थानिक संघटना हरकत घेतात. हे आधी माहीत नसेल तर दुसऱ्या गाडीचं भाडं भरावं लागतं आणि ते कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त असतं.

जी माहिती दर हंगामात बदलते, तिच्यासाठी पैसे मोजूच नका. टॅक्सीचे दर लेहच्या टॅक्सी युनियनच्या दरपत्रकात मिळतात, शुल्काची माहिती प्रशासनाच्या संकेतस्थळावर आणि रस्ता उघडला की नाही हे सीमा सडक संघटनेच्या किंवा पोलिसांच्या सूचनांमध्ये. हॉटेलांच्या यादीसाठी तर पुस्तक मुळीच घेऊ नये.

जुनं होत नाही ते निराळं. आल्चीच्या मठातल्या भिंतींवर काश्मिरी शैलीची चित्रं कशी आली, हेमिस आणि ठिकसे हे मठ वेगवेगळ्या पंथांचे कसे, तुर्तुक हे गाव १९७१ मध्ये भारतात कसं आलं, हे वीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतही तितकंच चांगलं वाचता येतं. अशी जुनी प्रत अप्पा बळवंत चौकात किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर दोन-चारशे रुपयांत मिळाली तर जरूर घ्या. जेनेट रिझवी यांचं ‘लडाख: क्रॉसरोड्स ऑफ हाय एशिया’ १९८३ चं आहे. ते गाइडबुक नव्हे, पण प्रदेश समजून घ्यायला मी तेच आधी सुचवेन. मराठी प्रवासवर्णनं वाचनालयातून आणावीत आणि निघण्याआधी घरीच वाचावीत. जायचं की नाही आणि कुठे जायचं हे ठरवायला ती उत्तम, पण वाटेत कामाला येत नाहीत.

मारखासारख्या खोऱ्यात चालत जाणार असाल तर ओलिझान या स्विस प्रकाशनाचे लडाख-झंस्कारचे नकाशे पाहा. १:१,५०,००० प्रमाणाचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग आहेत. तिन्ही घेण्याची गरज नसते, आपल्या वाटेचा एकच भाग पुरतो. गाडीने फिरणाऱ्याला हा खर्च टाळता येतो.

आयात पुस्तक किंवा नकाशा मागवल्यावर यायला कित्येकदा तीन-चार आठवडे लागतात. जूनची सहल असेल तर एप्रिलच्या मध्यापर्यंत मागणी नोंदवा आणि परत करण्याची मुदत विचारून ठेवा. पुस्तक आलं की त्याच दिवशी श्रेयपान आणि सरचूचं पान उघडून बघा, म्हणजे नको असेल तर मुदतीत परत पाठवता येईल.