कडेला बसलेलं पोर

पोराला तालमीत घालायचं ठरलं की घरचे आधी विचारतात, इथले किती पैलवान गाजले? आबांनीही तेच विचारलं होतं. मी सोळा वर्षांचा होतो आणि डोक्यात फक्त खासबागेचं मैदान होतं. तालमीच्या भिंतीवर फोटो, कोपऱ्यात गदा. आबांनी मला वस्तादांच्या पाया पडायला लावलं, दोन महिन्यांच्या खुराकाचे पैसे दिले आणि संध्याकाळच्या एसटीने ते गावी परतले.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याहून पंधरा किलोंनी जड जोडीदाराने ढाक लावली. हौद्यातली माती दोन दिवस कुणी उकरली नव्हती. पाय रुतून राहिला आणि अंग फिरलं. वस्ताद म्हणाले, "माती चोळ, बरं होतंय." दहा दिवसांनी त्यांनी मला एका जत्रेत उतरवलं. ती कुस्ती मी जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरता येईना. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी आला असतास तर एवढं वाढलं नसतं. ते दहा दिवस मी आबांना फोनवर "झकास चाललंय" सांगत होतो. तालमीत दुखतंय म्हणणं कमीपणाचं वाटायचं, आणि तसं वाटायला लावणारी माणसंच माझ्या भोवती होती.

म्हणून सांगतो, पैसे भरण्याआधी आठ दिवस पहाटे तालमीत जाऊन बसा. फोटो बघू नका. माती रोज उकरतात का, जोड्या वजन बघून लावतात का, अंगावर नायटा उठलेल्या पोराला हौद्याबाहेर ठेवतात का, हे बघा. कान सुजला तर त्यात रक्त साकळतं, ते वेळेत काढलं नाही तर कान कायमचा जाड होतो. अशा पोराला दवाखान्यात पाठवतात की त्याची पाठ थोपटतात? वजन तोडायला पाणी बंद करायला सांगितलं किंवा ताकदीच्या इंजेक्शनाचं नाव निघालं, तर त्याच संध्याकाळी पोराला घरी आणा. आणि कडेला बसलेल्या जखमी पोराशी वस्ताद बोलतात का, ते सगळ्यात आधी बघा.

मला दुसरे वस्ताद भेटले ते लहानशा तालमीत. त्यांनी पहिल्यांदा डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मग म्हणाले, "रोज ये, पण कडेला बस." आठ महिने मी बसून कुस्ती बघितली. मध्येच ते विचारायचे, "त्यानं हाताशी आलेला पट का सोडला, सांग." पहिल्यांदा मला काहीच सांगता यायचं नाही. हळूहळू खांदा हलायच्या आधी कंबर हलते, ते दिसायला लागलं. एवढं मी हौद्यात उतरूनही कधी शिकलो नव्हतो.

ते खाशाबा जाधवांचं उदाहरण द्यायचे. मातीत तयार झालेले खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांना नवे होते. रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना शिकवलं आणि ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. एवढा मल्ल नव्याने शिकायला बसतो, तर आपण कोण, असं वस्ताद म्हणायचे. ते फक्त बोलायचे नाहीत. "मॅटवरचं मला येत नाही," असं सांगून त्यांनीच मला आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या प्रशिक्षकाकडे पाठवलं. आपल्या पोराला दुसऱ्याच्या हाती देणारा वस्ताद मी तोवर पाहिला नव्हता.

एका पहाटे त्यांनी माझ्याकडून पन्नास बैठका मारून घेतल्या. प्रत्येक बैठकेला त्यांचा हात गुडघ्यावर होता. मग मूठभर माती माझ्या पाठीवर टाकून त्यांनी माझ्याहून दहा किलोंनी हलक्या पोराला हाक मारली आणि मला म्हणाले, "उतर. आज फक्त पडायचं."