नॉमिनी म्हणजे मालक नव्हे



श्रीनृसिंहसरस्वती स्वामी गाणगापूर सोडून श्रीशैल्याकडे निघाले ते भक्तांना आधी सांगून, त्यांची समजूत घालून आणि पादुका मागे ठेवून. आपण प्रपंची माणसं मात्र ‘अजून कुठं वय झालंय’ म्हणत कागदाला हात लावत नाही. बँकेत चौतीस वर्षं कारकुनी केली. त्या अनुभवातली एकच गोष्ट या जयंती अंकात मांडतो, कारण तिथं मी स्वतः चुकलो आहे.

ठेवीदार वारला की बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते. त्यानं बँक मोकळी होते, पण नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांच्या वतीनं पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली हेच सांगितलं. विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर पैसा सहसा त्यांचाच होतो.

आता माझी गोष्ट. वडील गेले तेव्हा त्यांच्या सहा लाखांच्या ठेवीवर नॉमिनी मी. आई आधीच गेलेली, इच्छापत्र नाही. हिंदू वारसा कायद्यानं मी आणि धाकटी बहीण, दोघांचा अर्धा अर्धा वाटा. काउंटरवर हा नियम मी कित्येकांना समजावला असेल! तरी पैसे माझ्या खात्यात आले आणि मी गप्प बसलो. मनाशी म्हणायचो, दवाखान्याचा खर्च मी केला, तिच्या लग्नात वडिलांनी दिलंच होतं. बहीण काही बोलली नाही. फक्त दोन वर्षं भाऊबीजेला आली नाही, ‘गुडघे दुखतात’ म्हणायची. तिसऱ्या वर्षी व्याजासकट तिचा वाटा घेऊन मीच तिच्या घरी गेलो. तिनं चहा केला. म्हणाली, “दादा, पैशाचं नव्हतं रे. तू विचारलं पण नाहीस.”

वडिलांनी एक कागद लिहिला असता तर मला मोहाला जागाच राहिली नसती.

तो कागद म्हणजे इच्छापत्र. लोक उगाच घाबरतात. स्टँपपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांनी तुमच्या सहीला साक्ष म्हणून तुमच्यासमोर सह्या करायच्या. ज्याला काही द्यायचंय त्यालाच साक्षीदार करू नका, पुढं संशयाला वाव राहतो. साक्षीदार आपल्याहून लहान वयाचे बघा (आमच्या एका स्नेह्यांचे दोन्ही साक्षीदार त्यांच्याआधीच गेले!). वय फार असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर नवं लिहिता येतं, शेवटचं ग्राह्य धरतात. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं.

नॉमिनेशन नको असं मी म्हणत नाही. ते नसेल तर घरच्यांना कागदपत्रांसाठी हेलपाटे पडतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. जुन्या पावत्यांवर वारलेल्या माणसाचंच नाव राहिलेलं असतं, ते आधी तपासा. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसांना ती मागता येते, पण असं खातं होतं हे त्यांना माहीत तर हवं! म्हणून सगळ्या खात्यांची एक यादी वहीत लिहावी आणि वही कुठं आहे ते घरात सांगावं.

गेल्या गुरुवारी आरतीनंतर मी कागद घेऊन बसलो. मुलाचं, मुलीचं लिहून झालं. सौ. शेजारी मटार सोलत होती. म्हणाली, “अहो, आणि तुमच्यामागं मी राहायचं कुठं, ते लिहिलंत का?”

लिहिलं नव्हतं. घर मुलाच्या नावे करून मोकळा झालो होतो. तो कागद फाडला आणि नवा घेतला. हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा तिचा हक्क, हे आता पहिलं कलम आहे. सह्या पुढच्या गुरुवारी.