प्रशिक्षण आणि ग्रामपंचायतीची कचेरी

लोकप्रशासनाच्या तासाला सरांनी एकदा विचारले होते : प्रशिक्षणाने कर्मचारी सुधारला, हे ठरवायचे कसे? याचे पुस्तकी उत्तर डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने 1959 मध्ये दिले. कर्मचाऱ्याला वर्ग आवडला काय, तो काही शिकला काय, त्याची काम करण्याची रीत बदलली काय आणि शेवटी संस्थेच्या कामात फरक पडला काय, अशा चार पायऱ्या त्याने सांगितल्या. आपल्याकडे बहुधा पहिल्याच पायरीवर गाडी थांबते. हजेरीपट, चहा, प्रमाणपत्र, सामुदायिक छायाचित्र, झाले प्रशिक्षण! मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था 1926 पासून हे काम करीत आहे, पुण्यात 'यशदा' आहे. पण खेड्यातल्या लिपिकापर्यंत त्यातले किती झिरपते, हा प्रश्न उरतोच.

माझे वडील एका लहान ग्रामपंचायतीत लिपिक आहेत. 2015 च्या अखेरीस घरपट्टीचे नियम बदलले आणि आकारणी भांडवली मूल्यावर होऊ लागली. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घराच्या वयानुसार घसारा, वापराप्रमाणे भारांक आणि मग कराचा दर, एवढे गणित एकेका घरासाठी! परिपत्रक आले; शिकवायला कोणी आले नाही. वडिलांनी आपल्या समजुतीने नमुना 8 ची नोंदवही भरली आणि घसारा धरलाच नाही. (चूक आपलीच, असे ते आजही म्हणतात.) शेजारच्या आजींच्या जुन्या विटामातीच्या घराला नव्या घराच्या हिशेबाने पट्टी लागली. आजी बिल घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "तुझ्या वहीत माझं घर कालच बांधलंय व्हय रे?" त्या रात्री वडील जेवले नाहीत.

पुढे तालुक्याला दोन दिवसांचा वर्ग झाला. पहिला दिवस भाषणांत गेला. दुसऱ्या दिवशी एका विस्तार अधिकाऱ्यांनी प्रत्येकाला आपल्याच गावातील तीन घरांची आकारणी फळ्यावर करायला लावली. वडिलांनी पहिले घर आजींचे घेतले. परत येताच त्यांनी सारी नोंदवही पुन्हा तपासली, दुरुस्तीची यादी मासिक सभेपुढे ठेवली आणि आजींची पट्टी बरीच खाली आली. वसुलीच्या वेळचे तंटेही कमी झाले.

परंतु त्याच वर्गाला वडिलांचे एक मित्र होते. तेही तेवढेच शिकले. त्यांच्या गावचे ग्रामसेवक (2024 पासून या पदाला 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात) एकाच वेळी तीन गावांचा कारभार पाहत. यादी तयार झाली. ती सभेपुढे काही आली नाही. मित्राची वही कोरीच राहिली असती, तर फरक काय पडला असता? म्हणून 'प्रशिक्षणाने कार्यक्षमता वाढते' हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मला अर्धेच पटते. शिकलेले वापरू देणारी कचेरीही हवी, आणि तिचे मोजमाप कर्कपॅट्रिकच्या तिसऱ्या पायरीशी करायला हवे.

वडिलांची ती तीन घरांची आकडेमोड अजून कचेरीच्या खणात आहे. गेल्या वर्षी नवीन संगणक चालक आला, तेव्हा त्याला त्यांनी प्रथम तीच वाचायला दिली.