प्रकाशनाचे यंत्र आणि स्वाक्षरीची किल्ली

अँड्रॉइड फोनसाठी लिहिलेले ॲप गूगलच्या प्ले स्टोअरमार्फत लोकांच्या हाती पडण्यापूर्वी त्यास अनेक टप्प्यांतून जावे लागते. मूळ कोडपासून एक गठ्ठा बांधणे, त्यास नवा आवृत्ती-क्रमांक देणे, त्यावर सांकेतिक स्वाक्षरी करणे, तो स्टोअरकडे पाठवणे, सोबतचे वर्णन व चित्रे अद्ययावत करणे, आणि ही आवृत्ती प्रथम कोणास द्यावयाची ते ठरवणे, अशी ही कामे होत. ती हातानेही करता येतात, आणि प्रथम दोन-चार वेळा तशी केलेलीच बरी. परंतु दर पंधरवड्यास नवी आवृत्ती काढावयाची असेल, तर कोठे तरी एक पायरी निसटते. आणि ती बहुधा अवघड पायरी नसते, कंटाळवाणी असते.

या कामासाठी जी साधने प्रचलित आहेत, त्यांपैकी फास्टलेन हे एक प्रमुख साधन होय. फेलिक्स क्राउझ यांनी ते २०१४ साली सुरू केले. आरंभी ते ॲपलच्या ॲप स्टोअरपुरते होते, पुढे अँड्रॉइडसाठीही उपलब्ध झाले. त्यामागील कल्पना साधी आहे. सर्व पायऱ्या क्रमाने एका फाइलमध्ये लिहून ठेवावयाच्या व ती फाइल ॲपच्या कोडसोबतच ठेवावयाची. मग कोडच्या भांडारात नव्या आवृत्तीची खूण नोंदली गेली, की दूरचा एखादा सर्व्हर त्या पायऱ्या एकामागून एक पार पाडतो. कृती कोणा एकाच्या स्मरणात न राहता कागदावर उतरते, हा याचा मोठा लाभ आहे. वेळ वाचतो तो निराळाच.

काही गोष्टी मात्र आरंभीच विचारपूर्वक ठरवाव्या लागतात, कारण त्या मागाहून बदलत नाहीत. ॲपचे अंतर्गत नाव, म्हणजे ज्यावरून स्टोअर त्यास ओळखतो ते, एकदा प्रकाशित झाले की कायमचे. आवृत्ती-क्रमांक प्रत्येक वेळी वाढताच असावा लागतो. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा स्वीकारला जात नाही. म्हणून तो हाताने लिहिण्याऐवजी यंत्राकडूनच वाढवून घ्यावा. शिवाय पहिला गठ्ठा स्टोअरच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतःच चढवावा लागतो. स्वयंचलनाचा आरंभ त्यानंतरच होतो, हे ठाऊक नसल्यामुळे नवशिक्यांचा बराच वेळ वाया जातो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फोन कोणतेही ॲप अद्ययावत करताना नव्या गठ्ठ्यावरील स्वाक्षरी जुन्याशी जुळते की नाही हे पाहतो; न जुळल्यास नवी आवृत्ती नाकारतो. ही स्वाक्षरी ज्या गुप्त किल्लीने होते, ती पूर्वी सर्वस्वी ॲपकर्त्याच्याच ताब्यात असे. समजा, एखाद्या सहकारी दूध संस्थेने सभासदांना दैनंदिन नोंदी पाहता याव्यात म्हणून ॲप काढले, आणि किल्ली ज्या संगणकावर होती तो बिघडला. मग ते ॲप कधीच सुधारता येत नसे. नव्या नावाने नवे ॲप काढून प्रत्येक सभासदाकडून ते पुन्हा घेवविणे एवढाच मार्ग उरे.

२०१७ साली गूगलने यावर तोड काढली. अंतिम स्वाक्षरीची किल्ली गूगलकडे राहते आणि ॲपकर्त्याकडे केवळ गठ्ठा पाठवण्यापुरती दुसरी किल्ली असते. ती हरवल्यास विनंती करून बदलून मिळते. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपांना ही व्यवस्था अनिवार्य झाली. किल्ली हरवण्याचे भय अशा रीतीने बरेच ओसरले. चोरीचे भय ओसरले नाही. उलट स्वयंचलनाने ते वाढते, असेच म्हणावे लागेल. कारण सर्व्हरला गठ्ठ्यावर स्वाक्षरी करावयाची असते, म्हणून पाठवणीची किल्ली त्याच्याकडे. आणि स्टोअरमध्ये प्रवेश करावयाचा असतो, म्हणून यंत्रासाठी काढलेल्या सेवा-खात्याचे प्रमाणपत्रही त्याच्याचकडे. ही दोन्ही ज्याच्या हाती एकत्र पडतील, तो संस्थेच्या नावाने सर्व सभासदांच्या फोनवर हवे ते पाठवू शकेल.

तेव्हा या दोन वस्तू कोडच्या भांडारात कदापि ठेवू नयेत. चुकून ठेवल्या व नंतर पुसल्या, तरी भांडाराच्या इतिहासात त्या शिल्लकच राहतात. अशा वेळी त्या रद्द करून नव्या घेणे हाच उपाय. सर्व्हरच्या गुप्त नोंदींत त्या सांकेतिक रूपात ठेवाव्यात, आणि संस्थेच्या दोन जबाबदार व्यक्तींना त्यांचा ठावठिकाणा माहीत असावा. सेवा-खात्यास अधिकार द्यावयाचे ते त्या एकाच ॲपपुरते, आणि तेही चाचणी-गटाकडे आवृत्ती सोडण्यापुरते. स्टोअरमध्ये चाचणीचा अधिकार व सर्वांसाठी प्रकाशनाचा अधिकार वेगवेगळे देता येतात. या सोयीचा पुष्कळ जण उपयोगच करीत नाहीत, हे नवल आहे. अंतर्गत चाचणी-गटात १०० जणांपर्यंत व्यक्ती घेता येतात. लहान संस्थेस तेवढे पुरे.

चाचणीनंतर आवृत्ती सर्वांसाठी खुली करण्याचे बटण माणसानेच दाबावे, आणि तेही टप्प्याटप्प्याने: प्रथम शेकडा ५ जणांना, दोन दिवस तक्रारींकडे लक्ष ठेवून मग पुढे. दोष आढळल्यास हे वितरण मध्येच थांबवता येते. मात्र ज्यांच्या फोनवर सदोष आवृत्ती पोचली, त्यांच्याकडून ती परत घेता येत नाही. त्यांच्यासाठी दुरुस्त कोड अधिक मोठ्या क्रमांकाने पुन्हा पाठवावा लागतो, आणि या धावपळीच्या वेळी फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या पायऱ्या जशाच्या तशा उपयोगी पडतात.