रिपोर्टमधला 5.8

चि. भाच्यास,

पुण्या-नाशिकहून ऑस्ट्रेलियातल्या वेंटवर्थव्हिलला गेलेला माणूस रिपोर्टवर ‘कोलेस्टेरॉल 5.8’ वाचतो आणि निर्धास्त होतो. भारतात त्याने दोनशेच्या घरातले आकडे पाहिलेले असतात. पण तिथलं एकक वेगळं आहे. 5.8 ला 38.7 ने गुणलं की आपल्याकडच्या एककात 224 येतात. ट्रायग्लिसराइडला मात्र 88.6 ने गुणतात, म्हणजे तुझे 2.4 होतात सुमारे 213.

तूप बंद केलं की झालं, ही आपल्या घरांतली समजूत अर्धीच खरी. तूप, खोबरेल आणि पाम तेलातल्या संपृक्त चरबीने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं; ट्रायग्लिसराइड चढतात ते साखर, मैदा, दारू आणि ताटभर भाताने. शाकाहारी माणसालाही यातून सूट नाही. स्टेशनजवळच्या भारतीय दुकानातून फरसाण किंवा फ्रोझन पराठे आणताना पाकीट उलटं करून पाहा. तिथे पाम तेल नुसतं ‘व्हेजिटेबल ऑइल’ म्हणूनही छापलेलं असू शकतं. म्हणून ‘सॅच्युरेटेड’ची ओळ वाचायची, तीही प्रति 100 ग्रॅमच्या रकान्यात.

मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं, भाकरी हे सगळं पुन्हा रोजच्या जेवणात येऊ दे. ओट्समधल्या बीटा-ग्लुकानने एलडीएल थोडं उतरतं. त्यासाठी रोज 3 ग्रॅम लागतं, म्हणजे साधारण 75 ग्रॅम कोरडे ओट्स.

आता डॉक्टरांचं. ऑस्ट्रेलियाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 45 ते 79 वयाच्या लोकांचा पुढच्या पाच वर्षांतला हृदयविकाराचा धोका मोजतात. त्यात वय, रक्तदाब, धूम्रपान येतं, अगदी 2145 हा तुझा पोस्टकोडसुद्धा. भारतीय वंशाच्या माणसाचा धोका वरच्या गटात धरायचा का, याचा विचार डॉक्टरांनी करावा, असंही त्या सूचना सांगतात. तू स्वतःहून विचार. तुझ्या बाबांना बावन्नाव्या वर्षी झटका आला होता, हे न विसरता सांग. वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत असा आजार झाला असेल तर हिशेब बदलतो.

‘घरचंच खातो’ एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. आठवडाभराचं खाणं, चहातल्या साखरेसकट, लिहून ने. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू झालं आणि पाय दुखायला लागले, तर गोळी परस्पर बंद करू नकोस. त्यांना फोन कर. मात्रा किंवा गोळी बदलता येते.

तुझा,
मामा