आधी खोली बघ, मग रंग

तुझा फोन आला तेव्हा मी पॅलेट खरवडत होतो. हात रंगाने भरलेले, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला, म्हणून नीट बोलणं झालं नाही. ‘मामा, ऑइल घेऊ की ॲक्रिलिक?’ असं तू एका दमात विचारलंस, भाजीवाल्यापुढे उभं राहून मेथी की पालक विचारावं तसं. आता चहा झाला आहे, सावकाश लिहितो.

रंगाचं नंतर बघू, आधी तुझी खोली. पुण्यात तिघींत मिळून एक खोली, तिला एकच खिडकी आणि तीही डक्टमध्ये उघडणारी, असं तूच सांगितलं होतंस. अशा खोलीत टर्पेंटाइनची बाटली उघडायची नाही. पहिल्या दिवशी तो वास छान वाटतो, आठव्या दिवशी डोकं धरतं, आणि चाळीस वर्षांनी काय होतं ते माझ्या छातीला विचार. दुकानदार म्हणेल की हे बिनवासाचं घ्या. बिनवासाचं म्हणजे बिनवाफेचं नव्हे. वाफ येतच असते, फक्त नाकाला कळत नाही, म्हणून मला तर ते जास्त धोक्याचं वाटतं. तेव्हा त्या खोलीत राहतेस तोवर ॲक्रिलिक. कॉलेजच्या स्टुडिओत, उंच छताखाली आणि उघड्या खिडक्यांत, तेलरंग. झालं तुझं उत्तर. पण दोन्ही हातात घेणार असशील तर दोघांचे स्वभाव माहीत हवेत.

तेलरंग वाळतो असं आपण म्हणतो, पण तो कपड्यासारखा वाळत नाही. टर्पेंटाइन घातलं असेल तेवढंच उडतं. तेल कुठेही जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि घट्ट होतं; सुरुवातीला थराचं वजन चक्क थोडं वाढतं. हा गुण सगळ्या तेलांत नसतो. जवसात असतो, अक्रोडात असतो, खसखशीत असतो. आमच्या मास्तरांना एकाने विचारलं होतं, ‘जवसाऐवजी शेंगतेल घातलं तर?’ मास्तर म्हणाले, ‘घाल की. आणि वाळलं का ते बघायला नातवाला सांगून ठेव.’ मात्र जवसाचं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं तेल आणू नकोस. ते दारं-खिडक्यांना ठीक आहे. चित्रात ते लवकर काळवंडतं.

ॲक्रिलिक खरोखरच कपड्यासारखं वाळतं. पाणी उडतं, प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, विषय संपला. पुन्हा पाणी लावलं तरी ते सुटत नाही. म्हणजे एका रंगात तुला आठवडा मिळतो आणि दुसऱ्यात दहा मिनिटं. मे महिन्यात पंख्याखाली तीही नाहीत.

याचा अर्थ काय ते कागदावर कळणार नाही, म्हणून एक कर. चेहऱ्याचा गाल रंगवायला घे. उजेडाकडच्या बाजूला पिवळा ऑकर, पांढरा आणि किंचित लाल; सावलीकडे बर्न्ट सिएना, त्यात अल्ट्रामरीनचं एक बोट. तेलरंगात हे दोन डाग शेजारी शेजारी ठेव, जा, चहा पिऊन ये. आलीस की कोरडा, स्वच्छ ब्रश त्यांच्या सीमेवरून अलगद फिरव, दाब न देता, झोपलेल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवतात तसा. कड विरघळते आणि गाल गोल होतो. तेच ॲक्रिलिकमध्ये करून बघ. दुसरा ब्रश भरेपर्यंत पहिल्या डागाची कड आवळलेली असते. वर ओला रंग घासलास तर खालची अर्धवट वाळलेली कातडी दुधावरच्या सायीसारखी गोळा होऊन येते. तिथे चिडायचं नाही आणि घासत तर मुळीच राहायचं नाही. हात मागे घ्यायचा, पूर्ण वाळू द्यायचं, मग मधला रंग बनवून पातळ थरांनी ती कड मोडायची. रिटार्डर म्हणून बाटली मिळते, ती वेळ थोडा वाढवते. पण सढळ हाताने ओतलंस तर थर चिकट राहतो.

म्हणून माझं मत विचारशील तर माणसाची कातडी तेलरंगातच शिकावी. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांपासून तेलातल्या व्यक्तिचित्रांची जी परंपरा आहे, ती या सावकाशपणावर उभी आहे. पण सपाट, धारदार, एकसंध रंग हवा असेल तर ॲक्रिलिकसारखं दुसरं काही नाही. तय्यब मेहतांचा १९९७ चा ‘महिषासुर’ बघ. ते सपाट क्षेत्र आणि ती सुरीसारखी कड ॲक्रिलिकची आहे. रझांनी आधी तेलात रंगवलं आणि पुढे ते ॲक्रिलिककडे वळले. १९८३ चं ‘सौराष्ट्र’ ॲक्रिलिकमध्येच आहे. गायतोंडे मात्र तेल धरून बसले. रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, उतरवायचे, वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास. तिघेही मोठे. कोणी तुला म्हणालं की खरा चित्रकार तेलातच काम करतो, तर मान डोलव आणि पुढे चालू लाग.

आता हातातल्या गोष्टी.

तेलाचा पहिला नियम: खाली सुकं, वर तेलकट. वर्गात सर ‘फॅट ओव्हर लीन’ म्हणतील ते हेच. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, पुढच्या थरात तेल वाढत जायचं. उलटं केलंस तर वरचा थर आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो, आणि चित्राला भेगा पडतात. सगळे रंग एका वेगाने वाळत नाहीत हेही ध्यानात ठेव. अंबर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासं होतं, कारण त्यातलं मँगनीज तेलाला घाई करतं. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन मात्र रेंगाळतात. म्हणून खालच्या थरात काळा वापरू नको, अंबर वापर.

चिंध्यांचं मी दहा वेळा सांगेन. जवसाच्या तेलाने भरलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटते. पसरून वाळव किंवा पाण्याच्या बादलीत टाक. ब्रश रॉकेलने धुऊ नको, त्याचा तेलकटपणा केसांत राहतो. आधी चिंधीने रंग पूस, मग थोड्या साध्या तेलात फिरव, मग अंगाच्या साबणाने तळहातावर फेस पांढरा येईपर्यंत. अशाने टर्पेंटाइन निम्म्याहून कमी लागतं.

पांढरा पिवळा पडला म्हणून तुझ्या मामीने एक जुनं चित्र टाकायला काढलं होतं. माळ्यावर अंधारात होतं ते. व्हरांड्यात उजेडात ठेवलं, थेट उन्हात नाही, आणि काही आठवड्यांत बरंच निवळलं. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, उजेडात थोडं परत येतं.

ॲक्रिलिकचा खोडसाळपणा वेगळा. ते वाळताना गडद होतं. ओलं असताना त्यातला बाइंडर दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो, आणि तू जुळवलेला आकाशाचा निळा दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरलेला दिसतो. म्हणून आधी कागदाच्या कपट्यावर एक फटकारा, हेअर ड्रायरने वाळव, मग ठरव. पॅलेटसाठी जेवणाचा पसरट, झाकणाचा डबा घे. तळाला ओला स्पंज किंवा दोन-चार घड्यांचा ओला नॅपकिन, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला. ट्यूब महाग, आणि पॅलेटवर वाळून वाया जाणारा रंग सगळ्यात महाग. ब्रश एकदा वाळला तर तो गेला असं समज. पण पाण्यात उभाही ठेवू नको, केस वाकतात; आडवा ठेव.

ट्यूबची पाठ वाचायची सवय लाव. समोरचं नाव काहीही असेल, मागचा आकडा खरा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटेनियम व्हाइट. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर ती नक्कल आहे. शिकताना नक्कल चालते, फक्त आपण काय घेतलं ते माहीत असावं. बारा ट्यूबांचा खोका घेण्यापेक्षा सहा चांगल्या सुट्या ट्यूब घे.

दोन्ही एकाच कॅनव्हासवर? चालतं, एकाच दिशेने. ॲक्रिलिक जेसोच्या अस्तरावर तेल चालतं, खाली पातळ ॲक्रिलिक आणि वर तेलही चालतं. तेलावर ॲक्रिलिक कधीही नाही. हे मी पुस्तकात वाचलं नाही, हात पोळून घेतला. एका चेअरमनसाहेबांचं व्यक्तिचित्र होतं, अनावरण परवावर आलेलं. त्यांना मागची भिंत हिरवी हवी झाली. तेल वाळायला वेळ नव्हता, म्हणून वाळलेल्या तेलावर मी ॲक्रिलिक फासलं. कार्यक्रम झोकात झाला. दिवाळीनंतर बोलावणं आलं. गेलो तर साहेबांच्या कानामागे हिरव्या रंगाची एक पापडी वळून बाहेर आली होती. मी नखाने धरली तर वीतभर भिंत एका अखंड पट्टीत हातात आली. ते चित्र मी फुकटात पुन्हा केलं.

पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला चिकटवून टांगू नको. मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लाव, हवा खेळली पाहिजे, नाहीतर पाठीवर बुरशी धरते. आणि ॲक्रिलिकचं चित्र गाडीतून आणताना बबल रॅपचे फुगे रंगावर येतील असं गुंडाळू नको. उन्हाने ॲक्रिलिक मऊ पडतं आणि फुग्यांचे गोल कायमचे उमटतात. आधी बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद, मग बाकीचं.

व्हार्निशचं घाईचं नाही. तेलाच्या चित्राला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं, तेव्हा विचार.

पुण्यामार्गे मुंबईला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हातून पुडकं पाठवतोय. त्यात नऊ ब्रश आहेत. पांढऱ्या राठ केसांचे चार लाल दोऱ्याने बांधलेत, ते फक्त तेलासाठी; डुकराचे केस पाण्यात फुगतात आणि त्यांचा ताठपणा जातो. नायलॉनचे पाच सुटे आहेत, ते ॲक्रिलिकला. सगळ्यात रुंद लालवाल्याची दांडी तुटलेली आहे, तिला मी सुतळी गुंडाळली आहे. ती सोडू नको.