मच्छरदाणी फुकट द्यावी की विकत?

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण हसत हसत म्हणतो. आणि दुसऱ्याच दिवशी म्हणतो, ‘फुकटच्या वस्तूला किंमत नसते.’ आता यांतले खरे कोणते? याच प्रश्नावरून काही वर्षांमागे मोठमोठ्या शिकलेल्या माणसांत वाद जुंपला होता. वाद होता मच्छरदाणीचा, आणि मुलूख होता आफ्रिका खंड.

आधी हिवतापाचे बोलू. यालाच मलेरिया म्हणतात. हा ताप डासाच्या चावण्यातून येतो. रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना त्याचा पुरावा 1897 साली आपल्या सिकंदराबादेत सापडला. 2023 साली जगात हिवतापाने सुमारे 6 लाख माणसे दगावली. त्यांतली शंभरातली 95 आफ्रिकेतली. आणि तिथे दगावलेल्या दर चारांत तीन मुले होती, पाच वर्षांच्या आतली.

हा डास बहुतेक रात्री चावतो. म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी फार उपयोगी. डास जाळीवर टेकला की मरतो. मेलेला डास शेजारच्या घरी जाऊन चावणार नाही. म्हणजे मच्छरदाणी आपण लावली, तरी थोडे रक्षण शेजाऱ्याचेही होते.

मग ती गरिबाला द्यायची कशी? अमेरिकेतले अर्थशास्त्राचे पंडित जेफ्री सॅक्स म्हणाले, फुकट द्या. ज्याच्याजवळ पैसा नाही तो विकत काय घेणार? दुसरे पंडित विल्यम ईस्टर्ली म्हणाले, छे! फुकटची मच्छरदाणी कोणी चोरून बाजारात विकतो, कोणी तिने मासे धरतो. थोडे तरी पैसे घ्या, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच नेईल आणि जपून वापरील. झांबिया देशाच्या डम्बिसा मोयो या बाईंनी 2009 साली आणखी एक मुद्दा काढला. परदेशातून फुकटचा माल आला, तर गावात मच्छरदाण्या करणाऱ्या कारागिराने खायचे काय?

खरे सांगायचे तर आम्हालाही प्रथम ईस्टर्लींचेच पटले. लहानपणापासून आपण तेच ऐकत आलो ना! आणि मासे धरण्याची गोष्ट काही खोटी नाही. तळ्याकाठच्या गावांत तसे घडलेले आहे. पण किती घरांत घडते? शंभरांत दोन की शंभरांत साठ? हे भांडून कळत नाही, घरोघर जाऊन पाहावे लागते.

जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा या दोघी बायांनी तेच केले. 2007 साली त्या केनिया देशाच्या पश्चिम भागात गेल्या. गरोदर बायांची तपासणी होते असे 16 दवाखाने घेतले. कोणत्या दवाखान्यात काय भाव, ते चिठ्ठ्या काढावे तसे नशिबावर सोडले. कुठे फुकट, कुठे 10 शिलिंग, कुठे 20, कुठे 40. त्या वेळचे 40 शिलिंग म्हणजे आपले पंचवीसेक रुपये.

काय झाले? फुकट होती तिथे जवळजवळ प्रत्येकीने मच्छरदाणी नेली. 40 शिलिंग होते तिथे दहांतल्या सहा जणी रिकाम्या हाताने घरी गेल्या. पोटात मूल असताना! त्यांना मुलाची काळजी नव्हती काय? होती. पण ताप आला तर पुढे येणार. पीठमीठ आजच लागते.

मग माणसे घरोघर पाठवून पाहिले, मच्छरदाणी टांगली आहे की गाठोड्यात पडली आहे? विकत घेणारीच्या घरी जितकी वापरात, तितकीच फुकट नेणारीच्या घरी. पैसे दिले म्हणून जास्त जपली, असे दिसले नाही.

तरी कोणी म्हणेल, ‘अहो, फुकटची चटक लागते. पुढे कोणी पैसे काढणार नाही.’ द्युपाबाईंनी तेही पाहिले. काही घरांना पहिली मच्छरदाणी फुकट किंवा अगदी स्वस्तात दिली. वर्षाने सगळ्यांना दुसरी देऊ केली, 150 शिलिंगांना. पहिली ज्यांना स्वस्तात पडली होती, त्यांच्यापैकी जास्त जणांनी दुसरी विकत घेतली. रात्रभर शांत झोप लागते, पोरे कमी तापतात, हे त्यांनी अनुभवले होते.

जागतिक आरोग्य संघटनेनेही 2007 सालीच सांगितले की, मच्छरदाण्या फुकट किंवा अगदी थोड्या किमतीत द्याव्या.

वाद मात्र पुरता मिटलेला नाही. कारागिराचा प्रश्न उरतोच. सरकारने किंवा संस्थेने वाटायचा माल त्याच मुलखात करून घेतला तर तो काहीसा सुटतो, आणि टांझानियात असा कारखाना चाललाही. काही ठिकाणचे डास आता त्या औषधाला दाद देत नाहीत, म्हणून नवी औषधे लावावी लागतात, आणि ती महाग. शिवाय मच्छरदाणी टिकते साधारण तीन वर्षे. मग जाळी फाटते, औषध उतरते. तोवर त्या घरात दुसरे मूल आलेले असते, आणि पुन्हा कोणाला तरी पैसे घालावे लागतात.